डोळ्याला डोळा

कोल्ह्याचा उजवा डोळा बसवून झाला होता, डावा पेंढामास्तरांच्या तळहातावर होता, आणि तेवढ्यात मागच्या दारात दुसरा कोल्हा येऊन उभा राहिला. हा जिवंत होता.

सकाळचे साडेआठ वाजले होते. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, झुडपांकडे उघडणारी ही खोली एकतीस वर्षं मास्तरांची होती. आज संध्याकाळी तिची किल्ली परत द्यायची होती. जनावरांत आपण पेंढा भरत नाही, काथ्या आणि लाकडाचा भुसा भरतो, हे त्यांनी पहिली दहा वर्षं लोकांना सांगून पाहिलं, मग नाद सोडला; पेंढामास्तर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची बायको त्याच खोलीत कातड्यांना टाके घालायची. तिला सगळे बाई म्हणत. गाडीखाली सापडलेल्या या शेवटच्या कोल्ह्याचं पोट तिने कालच शिवलं होतं, आणि आता ती नेहमीसारखी बाजूला, खिडकीपाशी बसून सुया डब्यात भरत होती.

"उद्यापासून मला काळं कुत्रंसुद्धा विचारणार नाही," असं मास्तर आठवडाभर घोकत होते. भीती खरी होती. माणसं कौतुक करोत न करोत, आजवर एकशे अकरा जनावरांनी त्यांच्याकडे बघितलं होतं. त्यांची रीतच तशी. जनावरापुढे स्टूल टाकून बसायचं आणि खोबणीतल्या ओल्या मातीत काचेचा डोळा कणाकणाने फिरवत राहायचं. डोळ्याला डोळा भिडला की काम संपलं. ही युक्ती त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता.

दारातला कोल्हा बघून मास्तर हलले नाहीत. हाताखालून इतके कोल्हे गेले, पण श्वास घेणारा एवढ्या जवळ कधी आला नव्हता. त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या. मास्तर स्टुलावर ताठ बसले आणि सवयीने नजर मिळायची वाट बघू लागले. आता मिळेल, मग मिळेल.

कोल्ह्याने बघितलं. स्टुलाकडे बघितलं तसंच मास्तरांकडे. इतक्यात काथ्याच्या पोत्यामागे काहीतरी खुडबुडलं. कोल्ह्याचा एक कान तिकडे वळला, कानापाठोपाठ डोळे वळले. पुढचं फार पटकन झालं. तो मास्तरांच्या पायाला घासून गेला, पोत्यामागे झेपावला, आणि तोंडात उंदीर धरून आल्या वाटेने बाहेर पडला. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"गेला," मास्तर म्हणाले.

"मग काय राहायला आला होता?" बाई म्हणाली.

"अगं, पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणजे बघितलं, पण मी नसल्यासारखं."

"बघा! काळं कुत्रं राहू द्या, कोल्ह्यानेही विचारलं नाही." आणि ती इतकी हसली की मांडीवरचा सुयांचा डबा कलंडला.

मास्तरांना ते लागलं. चांगलंच लागलं. पण मग हळूहळू काहीतरी उलटंच होऊ लागलं. आठवडाभर छातीवर कुणीतरी ठाण मांडून बसलं होतं, ते उठलं. आपण नसतो तरी तो आला असता, उंदीर घेऊन गेला असता. आणि आपण होतो, तरी त्याचं काही अडलं नाही. एवढी साधी गोष्ट समजायला एकतीस वर्षं लागली, याचं त्यांना हसू आलं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "आपली जनावरं नक्की कुठे बघतात?"

बाई जमिनीवरच्या सुया वेचत होती. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"तुमच्या स्टुलाकडे. वाघ काय, हरीण काय, सगळी बसलेल्या माणसाकडे बघतात. लोकांना वाकावं लागतं. लहान मुलं तेवढी खूश असतात, त्यांच्या बरोबर उंचीला येतं."

"आणि तू इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"तुम्हाला बरं वाटायचं ना."

मास्तरांनी बसवलेला उजवा डोळा उकरून काढला आणि स्टूल पायाने बाजूला सारलं. उभ्याने काम करायची सवय नव्हती. पापणी दोनदा चुरगळली, दोनदा सुईने सरळ केली.

"अगं, याचा कान कुठे वळवलाय आपण?"

"डावीकडे. जरा खाली."

"मग डोळेही तिकडेच."

दुपारी संग्रहालयाचे साहेब आले. भला माणूस. निरोपाचं पत्र स्वतःच्या हाताने द्यायचं म्हणून आले होते, पण आधी कोल्ह्यापुढे उभे राहिले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, शेवटी सवयीने वाकले.

"मास्तर, हा आपल्याकडे बघतच नाही."

मास्तर उत्तर जुळवत होते, तोवर बाई म्हणाली, "त्याला काम आहे, साहेब."

साहेब आणखी वाकले. मग गुडघेच टेकले, आणि कोल्हा जिकडे बघत होता तिकडे, टेबलाच्या पायांमधल्या सावलीत, एकटक बघू लागले. पत्र हातात तसंच राहिलं. मास्तरांकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. हे बाईला सांगावं म्हणून त्यांनी खिडकीकडे मान वळवली, तर ती त्यांच्याकडेच बघत होती. केव्हापासून, देव जाणे.