मास्तरांची गाडी पिकअपमध्ये

"बाबा, तुम्ही नुसतं मागून धरा. जोर मी लावते," मुलगी म्हणाली. तिने हँडल ओढलं, मास्तरांनी मागून रेटा दिला आणि मोटरसायकल फळीवरून पिकअपमध्ये चढली.

गल्लीतल्या तीन खिडक्या उघड्या होत्या. मास्तरांनी एकाही खिडकीकडे पाहिलं नाही. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. निम्मं गाव त्यांच्या शिव्या खाऊन क्लच सोडायला शिकलं होतं. गाडी बंद पडली तर बोंबलायचं नाही, आधी प्लगची टोपी बघायची, हा त्यांचा पहिला धडा. आणि आज त्यांचीच गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून निघाली होती.

मुलीने हँडलवरून पट्टे घेतले आणि गाडीचं पुढचं अंग दाबून ते ताणले. रंगाला ओरखडा नको म्हणून प्रत्येक पट्ट्याखाली पडद्याच्या निळ्या कापडाचा तुकडा सरकवला. पडदे शिवायचं तिचं दुकान होतं, पिकअपही त्याच धंद्यासाठी घेतलेली. पट्टे असे बांधायला मात्र तिला मास्तरांनीच शिकवलं होतं.

"आज राहू दे," मास्तर म्हणाले. "ऊन फार आहे."

"चालेल," मुलगी लगेच म्हणाली.

"काही चालणार नाही!" मास्तरांची बायको दारातून कडाडली. "चार दिवस झाले, दारात धूळ खातेय. अहो, तुम्ही हात लावत नाही, हिला वेळ होत नाही. आज म्हणजे आज गॅरेजला न्यायची."

दोघे निमूटपणे पुढे जाऊन बसले.

खरं तर गाडीला काहीही झालं नव्हतं. गेल्या आठवड्यात चौकात एक बाई हातगाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मास्तरांना ती दिसली ती हातभर अंतरावर. डाव्या डोळ्यापुढे काही महिन्यांपासून धुकं असायचं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ब्रेक लागला, बाई वाचली. तिने एक शिवीसुद्धा दिली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं मास्तरांना अजून झोंबत होतं. मुलीचं दुकान त्याच चौकात. पण ती तेव्हा मशीनवर मान घालून बसली असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

मला दिसत नाही, हे घरात सांगायला त्यांची जीभ रेटेना. म्हणून सोमवारी सकाळी त्यांनी गुपचूप प्लगची टोपी उपसली, दिसायला जागेवर वाटेल अशी टेकवून ठेवली, अंगणात घाम फुटेपर्यंत किका मारल्या आणि जाहीर करून टाकलं, "गेली. इंजिनच बसलं."

आता मेकॅनिक पहिल्या मिनिटाला ती टोपी बघणार. तो मास्तरांचाच चेला. मुलीसमोर नाक कापलं जाणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"मी मागे बसतो," ते म्हणाले. "गाडी धरून ठेवतो."

"नको. पट्टे घट्ट आहेत."

पण पुढच्या गतिरोधकानंतर तिनेच पिकअप कडेला घेतली. "एकदा पट्टा बघून येते."

"मी बघतो की."

दोघेही उतरले. मोटरसायकलच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते. ती जाईल म्हणून मास्तर थांबले. ती हलेना.

"ठीक आहे ना?" तिने विचारलं.

"ठीकच आहे. तू हो पुढे, मी आलोच."

"जाऊ की बरोबरच."

पुन्हा दोघे बसले. मुलीने सरळ रस्ता सोडून लांबचा धरला. गाडीला हिसके बसू नयेत म्हणून असेल, असं मास्तरांना वाटलं. पोरगी एवढं जपते आणि आपण तिला फसवतोय. त्यांना स्वतःची भारी लाज वाटली.

"या, या मास्तर!" मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. "तुमची गाडी आणि दुसऱ्याच्या पाठीवर? सूर्य कुठून उगवला आज?"

गाडी उतरवली. मेकॅनिक वाकला आणि खो खो हसत सुटला. "मास्तर, तुमचाच पहिला धडा! टोपी सैल आहे हो!" त्याने टोपी दाबली, किक मारली. गाडी सुरू झाली. गॅरेजमधली माणसंही हसली.

मास्तरांचे कान तापले. ते मुलीला बाजूला घेऊन गेले.

"ती टोपी आपोआप सैल झाली नाही," ते म्हणाले. "मीच काढली होती. मला नीट दिसत नाही गं. चौकात एक बाई थोडक्यात वाचली. सांगायची लाज वाटली. आईला, तुलाही."

मुलीचा चेहरा लाल झाला होता. चिडली, मास्तरांना वाटलं. चिडायलाच हवं.

"उगाच तुझा दिवस खाल्ला."

"बाबा, ऐका ना..."

तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मेकॅनिकने किक मारली. पुन्हा मारली. टाकी हलवून पाहिली, भरलेली होती. मग त्याने खाली वाकून पेट्रोलची नळी उपसली. नळीतून थेंबही पडला नाही.

"मास्तर, नळीला तुम्ही काही केलंत का?"

"नाही रे," मास्तर म्हणाले. ते खरंच गोंधळले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

मेकॅनिकने बारीक चिमटा नळीत घातला, जपून ओढला आणि पेट्रोलने चिंब झालेला एक बोळा मास्तरांच्या तळहातावर ठेवला. निळ्या कापडाचा.