बोर्डिंगची पाटी

“बघ भालू, आपल्या बोर्डिंगच्या नव्या इमारतीची पाटी!” हॉस्पिटलमध्ये अच्युतकाकांनी बाबांपुढे मोबाइल धरला. दोघं एकेकाळी त्या बोर्डिंगमध्ये एकाच खोलीत राहिलेले; इमारतीसाठी जुन्या मुलांना बाबांनीच गोळा केलं होतं.

बाबांनी चष्मा मागितला. संगमरवरावर त्यांचं नाव होतं, आणि नावाआधी ‘कै.’

काका गोरेमोरे झाले. “उद्घाटन दिवाळीनंतर आहे ना... समितीला वाटलं, तोवर तू...”

“पुन्हा कोरू नका रे, दगड वाया जाईल,” बाबा हसले. “मीच जरा घाई करतो.”

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातची पेजसुद्धा घेतली नाही.

उद्घाटनाला काका माइकवर म्हणाले, “पाटी पाहूनच आमचा भालू समाधानानं गेला.” टाळ्या वाजल्या. मग पडद्याची दोरी त्यांनी माझ्या हातात दिली.