पापलेटची पेटी

पाण्यावर निळी टोपी. थर्मासचं उघडं झाकण. अर्धं ओढलेलं जाळं. होडीत नवरा नाही.

मंदाने क्षणभर जाळंच घट्ट धरून ठेवलं. मासा जिवंतच बर्फात गेला पाहिजे, ही त्याची शिस्त तिच्या हातांत भिनली होती. मग लाटेवर त्याचं डोकं दिसलं आणि पुन्हा बुडालं. जाळं पाण्यात असताना इंजिन सुरू केलं, तर ते पंख्यात अडकलं असतं.

तरंगेल अशी एकच वस्तू होडीत होती. तिने बर्फाची पेटी उलथली. एकेक करून निजवलेली पापलेटं समुद्रात गेली. झाकण लावून, दोर बांधून तिने पेटी त्याच्याकडे फेकली. दोर ताणला गेला, तशी ती तो ओढू लागली.

होडीचा काठ धरून तो बराच वेळ खोकत राहिला.

"पेटी हलकी कशी?"

"तुम्ही आधी वर या."

"सगळं पापलेट टाकलंस?"

"आणखी एक शब्द बोललात तर दोर सोडीन."

पण तिची मूठ उघडतच नव्हती.

पहाटे निघताना त्याने दोन्ही लाइफ जॅकेटं किनाऱ्यावर उतरवली होती. तेवढ्या जागेत बर्फाची आणखी एक गोण मावली.