चादरीला गळा

स्कॉटलंडचा नकाशा टेबलावर पसरून मृण्मयी डायव्हिंगच्या जागा ठरवत होती. “या खाडीत मी आणि इवान उतरू.” सोलापूरहून आलेली आई बॅग उघडू लागली. लेकीनं परस्पर लग्न केल्यापासून जावयाचं नाव तिनं घेतलं नव्हतं.

“पाण्यात एवढं वाटत नाही गं आई. बाहेर आल्यावर वाऱ्यात कपडे बदलताना थंडी वाजते.”

“बघितलंय तुझ्या व्हिडिओत.” आईनं बॅगेतून सोलापुरी चादर काढली. मधोमध गळा कापलेला, आतून टॉवेलचं अस्तर. मृण्मयीनं ती घातली. मानेपासून घोट्यापर्यंत ऊब पसरली.

आईनं आणखी एक काढली, बरीच लांब.

“ही कुणाची?”

“पाण्यात एकटीनं उतरायचं नसतं, तूच म्हणतेस ना?” आई नकाशाकडे बघत म्हणाली. “इवान उंच आहे. त्याला पुरेल का बघ.”