तिन्ही अटी

"काय डोकं आहे गं ऋजुताचं!" वधूवर केंद्रात येता-जाता दिगंबरराव बायकोला ऐकवत. या नव्या मुलीने एक्सेलमध्ये फॉर्म्युलाच बसवला होता. "विमलकाकू, यात 'अँड' आहे ना, म्हणून उंची, शिक्षण, पत्रिका, सगळं जमलं तरच 'जुळते' येतं. 'ऑर' असता तर एक जमलं तरी चाललं असतं," ऋजुताने समजावलं.

ती डबा खायला गेल्यावर विमलकाकूंनी वराच्या जागी नवऱ्याची माहिती घातली आणि मुलींच्या यादीखाली स्वतःची. 'जुळत नाही.' मग ऋजुताची घातली. 'जुळते.'

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. फॉर्म्युल्यातला 'अँड' पुसून त्यांनी 'ऑर' टाकला. त्यांच्या नावापुढे लगेच 'जुळते' आलं.

मग त्यांची नजर वर गेली. यादीतल्या झाडून सगळ्या मुलींचं आता दिगंबररावांशी जुळत होतं.