निरोपाचा फोटो

आपल्या आठ वर्षांच्या पोरीसोबत मठातल्या महाराजांनी काय केलं, ते सांगायला जयमाला ठाण्यात गेली. ठाणेदारांनी तक्रार लिहून न घेता सरपंचांना बोलावलं.

“बदनामी तं पोरीचीच होईन, बाई. महाराजाले इज्जतीनं गावातून काढू,” सरपंच म्हणाले.

निरोपाच्या कार्यक्रमात ठाणेदारांनी महाराजांना शाल घातली, आणि कोणाला संशय नको म्हणून ओवाळायला जयमालालाच उभं केलं.

दोन वर्षांनी नांदुऱ्याकडची एक अनोळखी बाई विचारत विचारत तिच्या दारात आली. हातात त्याच कार्यक्रमाचा फोटो होता, महाराजांच्या नव्या मठाच्या भिंतीवरून उतरवलेला.



“ओवाळणाऱ्या तुमीच ना, ताई? तुमाले पाहूनच मी माही पोरगी त्याच्याजवळ ठेवली होती.”