आडवं पाणी

“देवाला मधी घालू नको, भुवना. पळायचं होतं तुला.”

या बोलण्याला दोन महिने झाले, तरी भुवनेश्वरीच्या कानातून ते गेलं नव्हतं. आताही शर्यतीच्या रेषेशी उभी राहून, अंधारातल्या रस्त्याकडं डोळे लावून बघताना तिला तेच ऐकू येत होतं. पोलीस भरतीची आठशे मीटरची धाव तिची चार सेकंदांनी हुकली होती. घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. मैदानावर खडी होती. बूट नवे होते. पुढची मुलगी आडवी आली. आणि शेवटी म्हणाली, “देवाच्याच मनात नव्हतं.” तेवढ्यावर तिची आई शिवम्मा पूजेवरून उठून आली होती. दोन्ही वेळची लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात घास न घालणारी बाई. खडीचं तिनं ऐकून घेतलं, बुटांचं ऐकून घेतलं, हे मात्र घेतलं नाही.

त्या दिवसापासून भुवनानं पळणं सोडलं. पुढं महादेवाच्या जत्रेत रात्रीची शर्यत ठरली. देवळाच्या टेकडीला खालच्या रस्त्यानं एक वळसा, तीन किलोमीटर. शेचाळीस वर्षांच्या शिवम्मानं जाऊन स्वतःचं नाव दिलं.

“म्या कुठं न थांबता शर्यत पुरी केली, तर तू रोज पहाटं चारला मैदानावर. दे शब्द.”

भुवनानं हसत हसत दिला. आईला ती अव्वा म्हणायची. तिला वाटलं, अव्वा पळणार कुठून! पण शिवम्मा रोज दिवेलागणीनंतर लेकीचे पडून राहिलेले बूट घालून बांधावरून पळायला लागली, तसं ते हसू कमी कमी होत गेलं.

आठला शिट्टी झाली. शिवम्मा पदर खोचून, गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरून निघाली. पंधरा-वीस मिनिटांत पोरं वळसा पुरा करून पलीकडून यायला लागली. मग पोरी आल्या, मग दमलेल्या बाया, शेवटी चालत आलेले दोन मास्तर. शिवम्मा आली नाही. आली तेव्हा अलीकडूनच आली. ज्या बाजूनं गेली होती, त्याच बाजूनं उलटी.

माइकवर गावातला धनाजी होता. “काय मावशी, अर्ध्यातनं आलात व्हय? या, बसा, च्या घ्या!”

लोक हसले. भुवनाच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. सुटले मी, असं तिच्या मनात आलं. आणि आलं म्हणून तिचीच तिला लाज वाटली. अव्वाच्या अंगावरचं लुगडं घामानं पाठीला चिकटलं होतं. भुवना पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली.

शिवम्मानं तांब्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती रेषेवरून तशीच पुढं गेली, ज्या रस्त्यानं बाकीचे आले होते त्या रस्त्याला लागली आणि अंधारात दिसेनाशी झाली.

“मावशी, घर तिकडं न्हाय!” धनाजी ओरडला. पुन्हा हशा पिकला.

मांडववाल्यानं खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या. पंधरा मिनिटं गेली असतील. शिवम्मा त्याच रस्त्यानं परत आली. आता ते पळणं कसलं, पाय ओढणंच होतं. पण ओढणं थांबत नव्हतं. रेषेच्या आत आली आणि मगच ती खाली बसली.

धनाजी मेडलांची पिशवी घेऊन जवळ आला. त्याचा आवाज जरा उतरला होता. “मावशी, वळसा पुरा केला न्हाय तुमी. मेडल देता येत न्हाय बगा.”

“नको देऊ, बाळा. रस्ता आदी बघून यायला पायजे होता. चूक माझी हाय.” मग ती लेकीकडं वळली. “शब्दातनं सुटलीस गं तू. शर्यत काय पुरी झाली न्हाय.”

“पर तू वळलीस कशाला?”

“अभिषेकाचं पाणी आडवं आलं की. वरनं गोमुखातनं येतंय, रस्त्यातनं व्हातंय. महादेवाला वळसा घालताना ते वलांडायचं न्हाय.” शिवम्मा पोटरी चोळत होती. “आन् थांबायचं बी न्हाय, असं ठरलेलं. मग वळले. हितवर आले, दुसऱ्या अंगानं पाण्यापतोर गेले, तिथनं परत. देवळात परदक्षिणा घालतो तशी.”

कुणी हसलं नाही. भुवनानं मनातल्या मनात जुळवलं. पाणी लागतं तिथवर सव्वादोन किलोमीटर. तेवढंच माघारी. मग पलीकडून पाऊण, आणि पुन्हा पाऊण.

“अव्वा,” ती म्हणाली, “तू तीन न्हाय, सहा पळालीस.”

“असंल. मोजीत कोण बसतंय? आण तो तांब्या, लई तहान लागली.”

भुवनानं भर लोकांत खाली बसून आईच्या पायातले बूट सोडले. घरी जाताना कडेची पायवाट मोकळी असूनही ती जत्रेच्या मधल्या गल्लीतून, दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या उजेडातून चालली. एका हातात बूट होते, दुसऱ्या हातात आईचा हात.

पहाटे पावणेचारला घर निजलेलं होतं. शिवम्माच्या तळव्यांना चोपडलेल्या तेलाचा वास खोलीत भरला होता. भुवनानं कडी आवाज न करता काढली. मैदान दोन किलोमीटर लांब. पूर्वी भाऊ विरेश तिला गाडीवर सोडायचा. तो ओट्यावर घोरत होता. त्याला तिनं उठवलं नाही. बुटांच्या नाड्या आवळल्या आणि अंगणातूनच पळायला सुरुवात केली.